अर्ध्या स्टुलावरचा वॉल्ट्झ

डोंगरटोला, कोहमाऱ्याजवळ
२ सप्टेंबर २०२४

श्रीमती वच्छला बिसेन, गोंदिया यांस,

अनोळखी माणसाला लिहितात तसं हे पत्र लिहायचं ठरवलं होतं. पण हॉस्टेलात तीन वर्षं जिचे मोजे वाळत घातले तिला 'आपण' म्हणणं जमत नाही. तेव्हा तू.

आपण एकाहत्तर सालानंतर बोललेलो नाही. तसंच चालू राहायला माझी हरकत नव्हती. पण गोंदियाच्या कलागौरव समितीचे सुखराम टेंभरे काल सांगत आले की 'जिल्ह्यातील पहिली महिला पियानोवादक व शिक्षिका' या सन्मानासाठी त्यांच्याकडे दोन नावं आली आहेत. एक माझं, माझ्या जुन्या विद्यार्थिनींनी पाठवलेलं. दुसरं तुझं, तुझ्या नातवाने पाठवलेलं.

तू पियानो वाजवायचीस हे मला ठाऊक आहे. पण विलायती बोर्डाची शेवटची परीक्षा या भागातून पहिल्यांदा मी दिली. नागपूरच्या मिशनच्या शाळेत बारा वर्षं शिकवलं ते मी. आपल्या मिस डिक्रूझनी जाताना त्यांचा पियानो दिला तो मला, आणि तो बैलगाडीतून या गावात आणला तोही मीच. गाडी थांबली तेव्हा त्या वेळच्या सरपंचांनी विचारलं होतं, "बाई, यात धान किती मावते?" तिथून सुरुवात झाली आणि आज इथल्या पोरी नागपूर, रायपूर, पुण्यात शिकवतात. तू कोणाला शिकवलंस?

मला शाल नको. घरात सहा आहेत, त्यातल्या दोन कसरीने खाल्ल्या. पण समिती सन्मानाबरोबर त्या बाईच्या शाळेला एक वाद्य देणार आहे. ते मला हवं आहे. आचल आणि सोनू डिसेंबरच्या शेवटी नागपूरला परीक्षेला बसणार आहेत आणि मुली वाढल्यामुळे एक पियानो पुरत नाही.

नातवाला सांगून नाव मागे घे.

फोन करू नकोस. फोनवर तू बोलतेस आणि मी ऐकते. पत्रात निदान माझी पाळी येते.

दुर्गेश्वरी डोंगरवार

*

गोंदिया
१० सप्टेंबर

आदरणीय दुर्गेश्वरीबाई,

त्रेपन्न वर्षांनी पत्र आलं आणि त्यात पहिलं काम काय, तर नाव मागे घे. तुझ्यात काहीही बदल झालेला नाही हे पाहून बरं वाटलं. मी तुझं पत्र सुनेला वाचून दाखवलं. चेतना म्हणाली, "आई, ये कोई हेडमास्टरनी है क्या?" मी म्हटलं, त्याहून वाईट.

आता ऐक. पहिली मी. मिस डिक्रूझकडे मी जूनमध्ये शिकायला लागले, तू पावसाळा संपल्यावर आलीस, आणि तीही मला जेवायला बोलवायला. दारात उभी राहून म्हणालीस, "हे काय वाजवून राहिली गं?" तेव्हा तू असंच बोलायचीस. आता पुस्तकासारखं लिहितेस.

आणि एकाच पियानोवर दोघींनी बसवलेल्या चार हातांच्या त्या वॉल्ट्झमध्ये वरची बाजू कोणाची होती? माझी. गाणं माझ्या हातात होतं. तुझ्याकडे काय होतं? धम्-चक-चक. तीन पानं धम्-चक-चक.

पण ते जाऊ दे. गॅदरिंगच्या सकाळी माझा भाऊ मला न्यायला आला, लग्न ठरलं म्हणून. मला बॅगही नीट भरू दिली नाही. आणि संध्याकाळी तू काय केलंस? आठ दिवसांनी पेपरात आलं, माझ्या हळदीच्या दिवशी मी वाचलं: 'कु. डोंगरवार यांनी चार हातांची रचना एकटीने सादर करून श्रोत्यांना थक्क केले.' एकटीने. म्हणजे माझी बाजू तू आधीच शिकून ठेवली होतीस. माझी गरजच नव्हती.

तर नाव मागे घेणार नाही. मोहितने प्रेमाने पाठवलंय. आमच्या घरीही पियानो आहे, विसरू नकोस. सासऱ्यांनी रेल्वेवाल्यांच्या जुन्या क्लबाच्या लिलावात घेतलेला, तुझ्या मिसच्या पियानोपेक्षा मोठा. मी रोज सकाळी पूजा झाली की तासभर वाजवते. दिवाणखाना भरून जातो.

वच्छला

*

डोंगरटोला
१५ सप्टेंबर

वच्छला,

अक्षर अजून तसंच आहे, म्हणजे वाईट.

गॅदरिंगबद्दल मी काही बोलणार नाही.

तू रोज वाजवतेस हे चांगलं आहे. काय वाजवतेस? कोणत्या पानावर आहेस? डाव्या हाताची करंगळी अजून वर उचलतेस का? मिसनी तुला त्याबद्दल किती वेळा पट्टी मारली ते मी मोजायची. एक फोटो पाठव, पियानोवर बसलेली. बैठक पाहून मी सगळं सांगू शकते.

आमच्या मंदावहिनीने तुझं पत्र ऐकलं. तिचं म्हणणं, "दोन म्हाताऱ्या पहिल्या नंबरासाठी कायले भांडून राहिल्या? शाळेत आल्या का?" तिला मी सांगितलं की प्रश्न नंबराचा नाही, वाद्याचा आहे. तिला पटलं नाही. तुला पटावं.

आचलला परीक्षेत तीन तुकडे वाजवायचे आहेत. सोनूला दोन. दिवाळीपर्यंत हात बसला पाहिजे.

दुर्गेश्वरी

*

गोंदिया
२४ सप्टेंबर

दुर्गेश्वरी,

घे फोटो. मोहितने काढला. नवी सोलापुरी चादर खाली अंथरून, पियानो पुसून, मी बसले आहे. पाठ ताठ आहे, पाहून घे. करंगळी खाली आहे.

काय वाजवते म्हणतेस? सगळंच वाजवते. जे मनात येईल ते. घरात सगळे शांत बसून ऐकतात.

सुखरामभाऊ आमच्याकडेही येऊन गेले. चहा दोनदा घेतला. त्यांना पियानो आणि हार्मोनियम यातला फरक नीटसा माहीत नाही, पण माणूस बरा आहे. म्हणाले, "काकू, निर्णय समिती घेईल, समितीत चार लोक आहेत आणि त्यातल्या तिघांना झोप लागते."

मी नाव मागे घेत नाही. पक्की बात.

वच्छला

*

डोंगरटोला
२९ सप्टेंबर

वच्छला,

फोटो पाहिला. पाठ ताठ आहे. पण पियानोच्या झाकणावर गोल डाग आहेत. एक मोठा, दोन लहान, आणि उजव्या कोपऱ्यात एक तेलकट. हे लोणच्याच्या बरण्यांचे डाग आहेत. ज्या बाई रोज तासभर पियानो वाजवतात त्यांच्या झाकणावर बरण्या राहत नाहीत, कारण झाकण रोज उघडावं लागतं.

दुसरं. तुझे दोन्ही अंगठे पांढऱ्या पट्ट्यांच्या खाली लोंबतात. पाय पेडलपासून वीतभर लांब. स्टूल जेवणाच्या टेबलाचं आहे.

तू किती वर्षांत वाजवलेलं नाहीस ते मी विचारत नाही. बरण्या किती वर्षांच्या आहेत एवढंच सांग.

नाव मागे घे.

दुर्गेश्वरी

*

गोंदिया
१९ ऑक्टोबर

दुर्गे,

तुझ्या पत्राचा मला इतका संताप आला की मी तीन आठवडे उत्तर दिलं नाही. मग वाटलं, बरण्यांचा एवढा राग असेल तर हिला एक बरणीच पाठवावी. आमच्या मिलची गाडी धान आणायला तुमच्याच बाजूला जाते. ड्रायव्हर योगराजच्या हाती लिंबाचं लोणचं पाठवलं. मिळालं असेलच. आभार तू मानणार नाहीस, ठीक आहे.

पण योगराज परत आला आणि मला म्हणाला, "काकू, मी तिथं गेलो तं पोरी एका फळीवर बोटं आपटून राहिल्या होत्या. आठ पोरी. आवाज काहीच नाही. अन् बाई मधातच म्हणून राहिल्या, 'चूक.' मी इचारलं, बाई, काय चालून राहिलं? तं म्हणे, पियानो. मी म्हणलो, मले आवाज काऊन नाही येत? तं म्हणे, तुला येत नाही."

मी हसले. पोट धरून हसले. चेतनाला पाणी आणायला लागलं. मग रात्रीचं जेवण होईपर्यंत मला हसू आलं नाही.

मिसचा पियानो कुठे आहे, दुर्गे? आणि 'एक पियानो पुरत नाही' म्हणजे काय होतं? मला डाग दिसतात म्हणून ओरडतेस आणि तुझ्याकडे तर पियानोच नाही.

दुसरी बातमी. समितीने ठरवलं की आपण दोघी मिळून पहिल्या. २४ नोव्हेंबरला गोंदियात कार्यक्रम, आणि दोघींनी मिळून एक 'गाणं' वाजवायचं. सुखरामभाऊंनी तुझ्या शाळेसाठीचं वाद्यही मला दाखवलं. ते पाहून तुला चक्कर येईल. आधी लिंबाचं लोणचं खा.

वच्छला

*

डोंगरटोला
२३ ऑक्टोबर

वच्छला,

लोणच्यात मीठ जास्त आहे. मंदावहिनीला आवडलं.

पियानो उधईने आतून पोखरला. दोन वर्षं झाली. बाहेरून चांगला दिसत होता. एके दिवशी सोनूने खालचा 'सा' दाबला आणि तो वर आलाच नाही. उदाराम सुताराने मागची फळी काढली तेव्हा आत नुसती माती होती. झाकण ठोकून पाहून तो म्हणाला, "बाई, पेटी तं गेली. झाकण चांगलं हाय, सागवान हाय. थ्याची फळी करून देऊ का?" त्या झाकणावर मी पांढऱ्या-काळ्या पट्ट्या रंगवल्या. मापात. एकही पट्टी रुंद नाही.

पोरी आधी मुकाट वाजवतात, मग तोच तुकडा गातात. बोट चुकलं की मला दिसतं. तुझ्या योगराजला ऐकू येत नाही यात आमचा दोष नाही. पण फळीवर फक्त बोटं तयार होतात, कान तयार होत नाहीत. पट्टी जोरात दाबली की काय होतं आणि हलकी दाबली की काय होतं, हे फळी सांगत नाही. म्हणून वाद्य हवं होतं. हे मी तुला आधी सांगितलं नाही, कारण तू हसली असतीस. तू हसलीसच.

फळीवर मुलींची पाळी कशी लावते हे तू विचारशील, तर ऐक. आमचे बाबा तलाव राखणारे कोहळी, तलावाच्या दारावर बसून गावाला पाणी सोडायचे. ज्याची धानाची बांधी सगळ्यात लांब, त्याला आधी पाणी. जवळच्याला काय, केव्हाही मिळतं. फळीवरही तेच. जी पोरगी सगळ्यात लांबून चालत येते तिची पाळी आधी. सोनू माझ्या शेजारी राहते, ती शेवटी. ती रोज कुरकुरते. कुरकुरू दे.

समितीचं वाद्य मी पाहून आले. कीबोर्ड आहे. पट्ट्यांना वजन नाही, फुंकर मारली तरी वाजतात. एक बटण दाबलं की ढोल, दुसरं दाबलं की बँडबाजा, तिसरं दाबलं की टाळ्या. टाळ्यासुद्धा आतून. पोरींनी काही वाजवायचीही गरज नाही. यावर बसवलेला हात परीक्षेला चालणार नाही. मी सुखरामना तसं सांगितलं. ते म्हणाले, "बाई, पण बजेट में यही था."

तर आता सन्मानात माझ्या कामाचं काही उरलेलं नाही. नाव तुझं एकटीचं राहू दे. मी समितीला कळवते.

तुझ्या दिवाणखान्यात एक पियानो बरण्या सांभाळतो आहे. मी काही मागत नाही. फक्त वस्तुस्थिती लिहिली.

दुर्गेश्वरी

*

गोंदिया
३० ऑक्टोबर

दुर्गे,

नाही.

तू मागत नाहीस आणि मी नाही म्हणते, हिशोब बरोबर झाला.

रागावू नकोस. चेतनाला तिथे टीव्हीचं मोठं कपाट करायचं आहे, ती दहा वेळा म्हणाली, विकून टाकू. मी दहा वेळा नाही म्हटलं. ती विचारते, "आई, वाजवत तर नाही, मग का ठेवता?" तिला मी काय सांगणार? या घरात मिल त्यांची, खुर्च्या त्यांच्या, देवसुद्धा त्यांच्याकडचे. ती एक वस्तू आली तेव्हा सासरे म्हणाले होते, "ही बहूसाठी." ती घरातून गेली की या घरात माझं म्हणून दाखवायला काय राहतं? लोणचं?

आणि खरं सांगू, मी ते झाकण उघडायची. लग्नानंतर सहा महिने उघडलं. पण दरवेळी वरची बाजू वाजवायला लागले की वाटायचं, हे तर दुर्गेने एकटीने केलं. मी नसताना. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग एक दिवस बरणी ठेवायला जागा नव्हती, तिथे ठेवली. मग दुसरी.

दिवाळीचे अनारसे योगराजच्या हाती पाठवते. पियानो पाठवत नाही.

वच्छला

*

डोंगरटोला
४ नोव्हेंबर

वच्छला,

अनारसे मिळाले. चांगले होते.

आचल आणि सोनूची नावं मी या वर्षीच्या परीक्षेतून काढून घेते आहे. आचल रडली. सोनू म्हणाली, "मॅडम, फळीवर परीक्षा नाही का देता येत?" मी म्हटलं नाही. पुढच्या वर्षी पाहू. आचलच्या बापाने येत्या मे महिन्यात तिचं लग्न जमवलं नाही तर.

तुझा निर्णय मला समजला. मी आग्रह करणार नाही.

पण तुझ्या पत्रात एक चूक आहे आणि चूक दिसली की मी ती दुरुस्त करते.

मी तुझी बाजू कधी शिकले नव्हते. एक ओळसुद्धा नाही. गॅदरिंगच्या संध्याकाळी वॉर्डन म्हणाली, वच्छला गेली, तू काहीतरी वाजव. मला त्या वॉल्ट्झखेरीज काही येत नव्हतं, आणि त्यातलाही खालचा भागच. दोघींच्या स्टुलावर मी डाव्या अर्ध्या भागावर बसले. उजवा अर्धा रिकामा ठेवला, कारण मला वाटलं तू शेवटच्या क्षणी येशील. तू नेहमीच उशिरा यायचीस.

तू आली नाहीस. मग मी वाजवलं. तीन पानं. धम्-चक-चक, धम्-चक-चक. जिथे तुझी एकटीची जागा होती तिथे मी बोटं उचलून थांबले, आकडे मोजले आणि पुन्हा सुरू केलं. संपलं तेव्हा लोकांना वाटलं हे काहीतरी आधुनिक विलायती संगीत आहे. प्राचार्य उभे राहिले, मग सगळे उभे राहिले. पेपरवाल्याने कार्यक्रमपत्रिकेत 'चार हातांची रचना' वाचलं, स्टेजवर एकच मुलगी पाहिली आणि उरलेलं स्वतः जुळवलं.

त्या टाळ्यांवर मला मिशनच्या शाळेत नोकरी मिळाली. नोकरीवरून पुढची परीक्षा, परीक्षेवरून बाकी सगळं. म्हणजे लोक जिला पहिली पियानोवादक म्हणतात तिचं आयुष्य अर्ध्या वॉल्ट्झवर उभं आहे, आणि तो अर्धा ऐकण्यासारखा नव्हता. हे कोणाला सांगितलं नाही, कारण मी शिस्तीची बाई म्हणून ओळखली जाते.

तू मात्र त्रेपन्न वर्षं समजत राहिलीस की तुझी गरज नव्हती. हे चुकीचं आहे. कृपया दुरुस्त करून घ्यावं.

दुर्गेश्वरी

*

गोंदिया
८ नोव्हेंबर

दुर्गे,

तू एक नंबरची मूर्ख बाई आहेस. हे तू मला बहात्तर साली लिहू शकत नव्हतीस?

मी तुझं पत्र वाचलं आणि उठून बरण्या खाली ठेवल्या. चेतना म्हणाली, "आई, अब कहाँ रखोगे?" मी म्हटलं, तुझ्या टीव्हीच्या कपाटात. झाकण उघडलं. आत उंदराचं घर निघालं, कोंड्याच्या पोत्याच्या सुतळीचं, मस्त मऊ. नागपूरहून विक्की नावाचा ट्यूनर बोलावला. तो दिवसभर आत डोकं घालून होता आणि बाहेर आल्यावर म्हणाला, "काकू, पियानो अच्छा है, बस किसी ने प्यार नहीं किया." मी म्हटलं, तू अजून त्याला माझ्या मैत्रिणीच्या हाती पाहिला नाहीस, ती तर पट्टीने मारते.

मग वरची बाजू वाजवली. पहिलं पान आठवलं. दुसरं बोटांना आठवलं, मला नाही. तिसरं कोणालाच आठवलं नाही.

आता नीट वाच. मी पियानो देत नाही. मी तो घेऊन येते आहे. मुलींच्या परीक्षेपर्यंत तो तुझ्याकडे राहील आणि त्याच्याबरोबर मीही राहीन, कारण माझी वस्तू मी दुसऱ्याच्या घरी सोडत नाही. मुलींची नावं काढली असशील तर परत घाल.

माझ्या अटी. कार्यक्रमात आपण तोच वॉल्ट्झ वाजवू. वरची बाजू माझी. तू 'चूक' म्हणायचं नाही, लोकांसमोर तर मुळीच नाही. आणि सकाळी मला सातच्या आत उठवायचं नाही.

वच्छला

*

डोंगरटोला
१२ नोव्हेंबर

वच्छला,

नावं काढलेली नव्हती. बोर्डाचं पत्र मी उशिरा टाकलं, पोस्टाची पेटी उघडायला माणूस दोन दिवस आला नाही, तोवर तुझं पत्र आलं आणि मी माझं परत काढून आणलं. पोस्टमास्तरशी भांडण झालं, ते किरकोळ आहे.

वरची बाजू तुझी. मान्य. पेडल माझ्या पायाखाली राहील, कारण खालची बाजू वाजवणारीच पेडल सांभाळते, हे मिसनीच ठरवलं होतं. 'चूक' लोकांसमोर म्हणणार नाही. सकाळचे सात मान्य नाहीत. सहा.

तिसरं पान मी लिहून पाठवते आहे. खालच्या बाजूवरून तुझी बाजू जुळवली. तुझी बाजू मी आता पहिल्यांदा शिकले, तेही तुला द्यायला. बोटांचे आकडे टाकले आहेत. त्यांचं पालन कर.

दुर्गेश्वरी

*

गोंदिया
३ डिसेंबर

दुर्गे,

मी दहा दिवसांसाठी घरी आले आहे, सुनेच्या बहिणीचं लग्न आहे म्हणून. पियानो तुझ्याकडे सोडून आले ही माझ्या आयुष्यातली मोठी चूक असू शकते. मुलींना त्यावर लोणच्याची बरणी ठेवू देऊ नकोस.

आता भांडू. कार्यक्रमात तिसऱ्या पानावर तू पेडल सोडलंस. त्यामुळे माझा शेवटचा सूर तुटला. सगळं गोंदिया म्हणतंय की मी चुकले. खरं काय ते मोहितच्या व्हिडिओत दिसतं. तो तुला दाखवायला योगराजच्या मोबाइलवर पाठवते.

बाकी, पियानो सभागृहाच्या दारातून आत गेला नाही ही सुखरामभाऊंची चूक. दार मोजायला नको का? पण ट्रकच्या मागचा फाळका पाडून मैदानातच वाजवायची कल्पना माझी होती, हे विसरू नकोस, कारण तू आता सगळ्यांना 'आम्ही ठरवलं' म्हणून सांगते आहेस. मिलच्या ट्रकवर, कोंड्यात बसून, दोन म्हाताऱ्या. हमालांनी खालून टाळ्या वाजवल्या. समितीने जो कीबोर्ड दिला त्यातली टाळ्यांची कळ सुखरामभाऊंनी चुकून दाबली तेव्हा तुझं तोंड पाहण्यासारखं होतं.

आणि एक विचारायचं होतं. वाजवायला बसलो तेव्हा तू स्टुलावर इतकी डावीकडे काऊन सरकलीस? पडली असतीस.

वच्छला

*

डोंगरटोला
९ डिसेंबर

वच्छला,

सवय.

पेडल मी सोडलं नाही. तू एक सूर आधी थांबलीस. व्हिडिओ पाहिला. योगराजनेही पाहिला आणि म्हणाला, "दोघीही बरोबर होत्या." त्याला काही कळत नाही.

आचलचे तिन्ही तुकडे बसले. ती फळीवरच शिकलेली, पहिल्यांदा खऱ्या पियानोवर बसली तेव्हा जोरात दाबून इतकी दचकली की हात मागे घेतला. आता घेत नाही. सोनू अजून फळीसारखी वाजवते, सगळं एकाच आवाजात. तिच्यावर तू काम कर. गाणं कसं ओढायचं ते तुला येतं, मला फक्त धम्-चक-चक येतं. पोरींना दोन्ही आलं पाहिजे.

आचलचा बाप काल आला होता. ट्रकवरचा कार्यक्रम त्याने पाहिला होता. दारातच उभा राहिला, म्हणाला, "बाई, आचलले नागपूरले शिकायले ठेवाचं म्हणून राहिलो. लग्नाचं पाहू मंग." मी त्याला चहा दिला आणि तुझं लोणचंही दिलं. मीठ जास्त आहे तरी.

मंदावहिनी विचारते, त्या गोंदियावाल्या काकू केव्हा येतात. तिला तुझ्याशी बोलायला आवडतं, माझ्याशी आवडत नाही. मी सांगितलं, दहा दिवस म्हणाली होती, उशीर करेल. ती नेहमीच उशीर करते.

पण या वेळी लवकर ये. गेल्या वेळी तू आली नाहीस तेव्हा मी एकटीने वाजवलं होतं. या वेळी वाजवणार नाही. खालचा भाग मी रोज संध्याकाळी बोटं मोकळी ठेवायला वाजवते आणि जिथे तुझी जागा आहे तिथे थांबते. मुली हसतात.

जानेवारीपासूनच्या पाळ्या मी भिंतीवर लावल्या आहेत. आपल्या घरचा नियम तुला माहीत आहे, सगळ्यात लांबून येणारी आधी. तू गोंदियाहून येतेस. सोनूने पाटी वाचली आणि विचारलं, "मॅडम, पहिल्या नंबरावर वच्छला काकू काऊन?"

मी म्हटलं, तिथेच बरोबर आहे.

दुर्गेश्वरी